छोट्या कॉलेजचा लॅक्रॉस संघ: रोस्टर, कोच आणि पैशाचा हिशेब कसा वाचायचा?

सई_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या संघात मिडफिल्डला लॅक्रॉस खेळतो. डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाचा, नाद त्याने स्वतःच सोडला, पण खेळ सोडायचा नाही म्हणतो. गेल्या उन्हाळ्यातल्या एका स्पर्धेपासून पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा कोच त्याच्या मागे लागलाय. कॉलेज जेमतेम बाराशे मुलांचं, डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटातलं. कोच नेमाने फोन करतो, अभ्यासाची चौकशी करतो, माणूस चांगला वाटतो.

परवा कॉलेज बघून आलो. कृत्रिम गवताचं नवं मैदान, झगझगीत दिवे, लॉकररूममध्ये प्रत्येकाच्या नावाची पाटी. मागच्या बाजूला वसतिगृहाची एक अख्खी इमारत मात्र कुलूपबंद. नवऱ्याने तिथेच विचारलं, "तिकीटविक्री नाही, टीव्ही नाही, मग हा पैसा येतो कुठून?" कोच हसले आणि आम्हाला व्यायामशाळा दाखवायला घेऊन गेले.

रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, संकेतस्थळावर दिसतं, कोचिंग स्टाफची माहिती दिसते, आणि खेळाचे हिशेबही म्हणे कुठेतरी जाहीर असतात. हे बघून संघ आणि कॉलेज धड आहे की नाही हे आपल्यासारख्याला कळतं का? फी साधारण ६० हजार डॉलर, त्यातले ३२ हजार 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' म्हणून कमी करू असं सांगितलंय. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मंदार_कोथरूड
ताई, लॅक्रॉस म्हणजे काठीला जाळी लावून पळतात तेच ना? पुण्यात बसून एवढंच माहीत. कुणीतरी थोडक्यात सांगा म्हणजे पुढचं वाचायला मजा येईल.

कावेरी
मंदार, तेच. हॉडनोशोनी, म्हणजे इंग्रज-फ्रेंच ज्यांना इरोक्वा म्हणायचे, त्या लोकांचा आणि आसपासच्या इतर मूळ रहिवाशांचा हा खेळ. त्यांच्यासाठी तो आजही निर्मात्याने दिलेला खेळ आहे. कॉलेजात पुरुषांचे १० खेळाडू मैदानात असतात: गोली, तीन डिफेन्स, तीन मिडफिल्ड, तीन अटॅक. त्यांना हेल्मेट, खांद्याची पॅडं, हातमोजे, आणि धक्काबुक्की नियमात बसते. बायकांचा खेळ वेगळा: १२ जणी, डोळ्यांवर गॉगल, अंगावर जायला मनाई.

आणि तुला जवळचं वाटेल असं एक. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परत येतंय, सहा-सहा खेळाडूंच्या प्रकारात. याआधी पदकासाठी १९०४ आणि १९०८ ला होतं. हा निर्णय झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत, ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. क्रिकेट त्याच ठरावात आत गेलं, म्हणून आपल्याकडे लॅक्रॉसचं नाव कुणाच्या कानावर पडलं नाही.

मंदार_कोथरूड
काय सांगतेस! बांद्र्यात लॅक्रॉसचं नशीब उघडलं आणि आम्ही विराटचे फोटो शेअर करत बसलो होतो. वाचतोय.

बाल्टिमोरवाला
सईताई, मी लॅक्रॉसच्या माहेरघरात राहतो, दोन्ही मुलं खेळली. तुमच्या मिस्टरांनी विचारलेला प्रश्न बिनचूक आहे. उत्तर असं की पैसा तुमच्याकडून येतो.

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. आर्थिक मदत ठरवताना मुलगा किती चांगला खेळतो याचा विचारसुद्धा करायचा नाही, आणि खेळाडूंना मिळालेली मदत इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी दिसते का हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना, आकडे मागवून तपासते. म्हणजे प्रत्येक खेळाडू हा फी भरणारा विद्यार्थी. समजा संघात ४० मुलं आहेत आणि सवलत वजा जाता प्रत्येकाकडून कॉलेजला २२ हजार डॉलर मिळतात. झाले ८ लाख ८० हजार. कोच, बस, पंच, गणवेश, मैदानाची देखभाल असा संघाचा खर्च समजा तीन लाख. यातली निम्मी मुलं जरी केवळ लॅक्रॉस आहे म्हणून त्या कॉलेजात आली असली, तरी कॉलेजचं गणित जमलं.

मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने २००५ च्या सुमारास हे उघडपणे धोरण म्हणून राबवलं. नवे संघ काढले, मैदानं बांधली, आणि प्रत्येक कोचला दरवर्षी किती मुलं आणायची याचा आकडा नेमून दिला. पटसंख्या काही वर्षांत जवळपास दुप्पट झाली. मग बाकीच्या छोट्या कॉलेजांनी तोच कित्ता गिरवला. लॅक्रॉस यात फार सोयीचं, कारण रोस्टर मोठं असतं आणि खेळणारी मुलं बहुतेक फी परवडणाऱ्या घरांतली असतात.

नाना_ओहायो
म्हणजे मुलांना खेळाचं आमिष दाखवून वर्ग भरायचे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही फसवणूक आहे. आमच्या शेजारच्याचा मुलगा असाच एका कॉलेजात गेला. रोस्टरवर ५८ मुलं. वर्षभर सामन्याला गणवेशसुद्धा मिळाला नाही, घरच्या सामन्यात साध्या जर्सीत कडेला उभा. दुसऱ्या वर्षी खेळ सुटला, कॉलेज काही सुटेना, कारण तिथली क्रेडिट्स दुसरीकडे घेईनात. सईताई, स्टेट युनिव्हर्सिटीत घाला आणि क्लबचं लॅक्रॉस खेळू दे. निम्म्या पैशात काम होईल.

रश्मी_व्हरमाँट
नाना, तुमचं एक टोक, आमचं दुसरं. मुलगी ज्या छोट्या कॉलेजात खेळली तिथे तिच्या पहिल्या वर्षी संघात १५ जणी होत्या. मैदानात १२ लागतात. सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात एकीचा गुडघा गेला, दुसरीला डोक्याला मार लागून कन्कशन. उरल्या तेरा. मग गोलीला जुलाब लागले तेव्हा फुटबॉलच्या, म्हणजे सॉकरच्या, गोलीला पॅडं चढवून उभं केलं. तिने आयुष्यात लॅक्रॉसची काठी धरली नव्हती. सामना हरलो ते हरलोच, पण त्या मुलीने अडवलेला एक चेंडू आमच्या मुलीला अजून आठवतो.

सांगायचं हे की रोस्टर फार छोटं असेल तर प्रत्येक मुलीवर पूर्ण ६० मिनिटं पळायची पाळी येते आणि दुखापती वाढत जातात. पण माझ्या मुलीला पहिल्या दिवसापासून खेळायला मिळालं. मोठ्या संघात ती बाकावरून उठली नसती. तिला विचाराल तर ती पुन्हा तिथेच जाईल. मला विचाराल तर मी आधी रोस्टर मोजेन.

बाल्टिमोरवाला
रश्मीताई, लाख बोललात. नुसती संख्या मोजू नका, वर्षांनुसार मोजा. स्थळाची चौकशी करताना आपण फक्त मुलाचा पगार विचारत नाही, घरात कोण कोण टिकून आहे तेही बघतो, तसंच हे.

संकेतस्थळावर मागच्या चार-पाच वर्षांची रोस्टरं राहतात. २०२२ चं उघडा, पहिल्या वर्षाच्या मुलांची नावं लिहून घ्या. मग त्यातली किती २०२५ च्या यादीत शेवटच्या वर्षाला आहेत ते बघा. पहिल्या वर्षाला २० आणि शेवटच्या वर्षाला ५ असतील तर त्या संघातून मुलं गळताहेत. सगळाच दोष कोचचा नसतो: कुणाचा अभ्यास, कुणाची दुखापत, कुणी कॉलेजच बदललं. पण वर्षानुवर्षं तेच दिसलं तर कारण विचारायलाच हवं.

दुसरं, मुलाची जागा बघा. सईताई, तुमचा मिडफिल्डर. आजचं रोस्टर उघडून पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातले मिडफिल्डर मोजा. ते १४ असतील तर तुमच्या मुलाला दोन वर्षं वाट बघायचीय. फेसऑफचा, म्हणजे खेळ सुरू होताना चेंडू मिळवणारा, खास माणूस किंवा लांब काठीचा, बचाव करणारा मिडफिल्डर कमी असतील तर त्याची संधी वेगळी.

सई_न्यूजर्सी
बाल्टिमोरवाले दादा, आत्ता बसून मोजलं. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला १९ होते. त्यातले आज शेवटच्या वर्षाला ७. मिडफिल्डर एकूण १८. एवढ्यांचं करतात काय?

ढोलकीपटू
सरावाला दोन संघ लागतात, सईताई. नऊ-नऊ वाटून घेतले तर आपापसात स्पर्धा भरवता येते :)

मृण्मयी_के
माझा नवरा अमेरिकन, एका छोट्या कॉलेजात लॅक्रॉसचा सहाय्यक कोच होता. त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही लिहिते.

नाना, 'फसवणूक' हा शब्द मला लागला. कोच लोक मुलांवर जीव टाकतात. पण त्यांची नोकरी कशी असते ते बघा. मुख्य कोच एक, पूर्णवेळ. त्याच्याखाली माझा नवरा, नावाला पूर्णवेळ, पण त्याच पगारात सगळ्या संघांच्या सामानाची खोलीही त्याच्याकडे. तिसरा कोच म्हणजे पदव्युत्तर शिकणारा मुलगा, त्याला फी माफ आणि हातखर्चाला थोडे पैसे. गोलींचा कोच स्वयंसेवक, दिवसा विमा विकायचा. स्टाफच्या पानावर चौघांचे हसरे फोटो, वाचणाऱ्याला वाटावं चार कोच आहेत.

दिवस कसा जायचा? सकाळी सहाला सराव. मग चाळीस जर्सी धुवायला टाकायच्या, मशीन एक, म्हणून तीन फेऱ्या. दुपारी भरतीचे फोन. रात्री जेवणानंतर आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुलांच्या काठ्यांच्या जाळ्या विणत बसायचा. पावसाने जाळी सैल पडते, पास सुटत नाही, म्हणून सामन्याआधी प्रत्येकाची जाळी चेंडू टाकून बघायचा आणि दोऱ्या ओढून बसवायचा. मुलांना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं की विली... असो, नाव नको, की 'कोच' हात लावल्यावर काठी बोलते.

आणि भरतीचा आकडा. वर्षाला १८ मुलं आणायची असं लेखी. ती आली नाहीत तर वार्षिक मूल्यमापनात लाल शेरा, संघ जिंकला असला तरी. दोन वर्षांनी तो सोडून गेला. मुख्य कोच त्याआधीच गेले होते.

म्हणून सईताई, कोचला दोन गोष्टी विचारा. तुम्ही इथे किती वर्षं आहात, आणि तुमच्या सहाय्यकांपैकी पगारी पूर्णवेळ किती. चांगला कोच या प्रश्नाने दुखावत नाही. उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी समजून विचारतंय.

नाना_ओहायो
मृण्मयी, तुझ्या नवऱ्यासारख्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. अठराचा आकडा कोचच्या डोक्यावर ठेवला की तो एकोणिसाव्या मुलाला 'तू इथे खेळणार नाहीस' हे कसं सांगेल?

मृण्मयी_के
तेच तर. काही सांगतात. पण सांगणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे मी घरात पाहिलंय.

कावेरी
टिकणाऱ्या कोचने काय होतं ते बघायचं तर मेरीलँडचं सॉल्सबरी बघा. १३ राष्ट्रीय विजेतेपदं, १९९४ पासून २०२३ पर्यंत, सगळी जिम बर्कमन यांच्या हाताखाली. आणि ती सरकारी युनिव्हर्सिटी आहे, श्रीमंत खाजगी कॉलेज नव्हे. नाना, तुमचं स्टेट युनिव्हर्सिटीचं आणि सईताईंचं डिव्हिजन थ्रीचं, दोन्ही एकाच ठिकाणी!

बायकांमध्ये मिडलबरीने २०२२, २०२३, २०२४ अशी ओळीने जिंकली. ते कॉलेज छोटं आहे, पण त्याची गंगाजळी फार मोठी. त्यामुळे सगळ्या छोट्या कॉलेजांना एकाच मापाने मोजू नये.

जिनिव्हाकर
छोट्या कॉलेजांचा विषय निघालाय तर आमच्या गावच्या होबार्टबद्दल लिहितो. न्यूयॉर्क राज्यातलं जिनिव्हा, स्वित्झर्लंडचं नव्हे, दरवेळी सांगावं लागतं. होबार्टने १९८० ते १९९१ अशी सलग १२ वर्षं डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवलं, १९९३ ला आणखी एक. मग १९९५ ला फक्त पुरुषांचं लॅक्रॉस डिव्हिजन वनला नेलं, बाकीचे खेळ थ्रीतच. तेव्हापासून मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांशी गाठ. शनिवारी दुपारी थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली म्हातारी माणसं १९८० च्या दशकातल्या मुलांची नावं घेतात. गावात दुसरं काही नाही म्हणून नव्हे, गावाला तो संघ आपला वाटतो म्हणून. नाना, हिशेबाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसतं सांगा.

नाना_ओहायो
बसत नाही. आणि ते खरं आहे हेही मान्य. पण फी सईताईंनी भरायची आहे, गावाने नव्हे.

गणिती
हिशेबाचा प्रश्न बाजूलाच राहिला, म्हणून लिहितो. मी ऑडिटमध्ये आहे, लॅक्रॉसमधलं काही कळत नाही, वह्या कळतात.

पहिली वही: खेळांचा जाहीर अहवाल. १९९४ च्या कायद्याने केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ असलेल्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी तो द्यावा लागतो. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलं की उघडतो. त्यात प्रत्येक संघातले खेळाडू, कोच, सामन्यांचा खर्च, एकूण खर्च, उत्पन्न असं मुला-मुलींचं वेगवेगळं दिसतं.

वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. खेळाडूंची संख्या पहिल्या सामन्याच्या दिवशीची असते, त्यामुळे एप्रिलमध्ये किती उरले ते कळत नाही. 'सामन्यांचा खर्च' म्हणजे प्रवास, राहणं, जेवण, गणवेश, साहित्य, पंच. त्यात कोचचे पगार नसतात. तो आकडा बघून संघ स्वस्तात चालतो असं समजू नका. आणि कोचच्या पगाराची सरासरी सगळ्या पुरुष संघांची मिळून एक आणि महिला संघांची मिळून एक अशी असते, लॅक्रॉसच्या कोचचा पगार वेगळा सापडत नाही.

सगळ्यात गमतीचा रकाना उत्पन्नाचा. बऱ्याच छोट्या कॉलेजांच्या अहवालात लॅक्रॉसचा खर्च आणि उत्पन्न डॉलरला डॉलर सारखे असतात. कारण कॉलेजने आपल्या खिशातून दिलेली रक्कम उत्पन्न म्हणून धरता येते. म्हणजे 'संघ स्वतःच्या पायावर उभा आहे' असा अर्थ काढायचा नाही. त्या रकान्यापेक्षा खर्चाची पाच वर्षांची रांग लावा. खेळाडू वाढताहेत आणि सामन्यांचा खर्च तिथेच थांबलाय असं दिसलं, तर दर खेळाडूमागे हात आखडला आहे हे नक्की.

पण सईताई, माझ्या मते तुमच्यासाठी ही वही दुय्यम. संघाआधी कॉलेजची वही बघा. वसतिगृहाची कुलूपबंद इमारत तुमच्या नजरेला पडली हे फार चांगलं झालं.

बाल्टिमोरवाला
गणितींच्या शेवटच्या मुद्द्यावर. कॅब्रिनीचं नाव इथे घ्यायलाच हवं. फिलाडेल्फियाजवळ रॅडनरला कॅब्रिनी युनिव्हर्सिटी होती, १९५७ ची. त्यांच्या पुरुष लॅक्रॉस संघाने २०१९ मध्ये अँहर्स्टला १६-१२ हरवून डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. युनिव्हर्सिटीच्या इतिहासातलं पहिलंच. चार वर्षांनी, जून २०२३ मध्ये, जाहीर झालं की युनिव्हर्सिटी बंद होणार. २०२४ ची पदवीदानं झाली आणि दारं मिटली. आवार शेजारच्या व्हिलानोव्हाकडे गेलं.

रोस्टर भरलेलं होतं, कोच नावाजलेले होते, चषक कपाटात होता. पटसंख्या घसरत होती आणि तूट वाढत होती, ती लॅक्रॉसने भरून निघणारी नव्हती. तिथल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नवं कॉलेज, नवा संघ, नवे मित्र शोधावे लागले. माझ्या धाकट्याच्या क्लबमधला एक मुलगा त्यातला. त्याची आई पार्किंगमध्ये माझ्याशी बोलताना रडली होती.

रश्मी_व्हरमाँट
बाप रे. राष्ट्रीय विजेतं कॉलेज बंद? हे मला माहीत नव्हतं.

कावेरी
एकटं कॅब्रिनी नाही. न्यूयॉर्कमधल्या वेल्स कॉलेजने एप्रिल २०२४ च्या शेवटी सांगितलं की या सत्रानंतर बंद. मुलांच्या हातात काही आठवडे. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न त्याच वसंतात गेलं, आणि त्यांचा बेसबॉलचा संघ कॉलेज बंद झालेलं असताना राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता.

सई_न्यूजर्सी
हे वाचून झोप उडाली. गणिती, कॉलेजची वही म्हणजे नेमकं काय बघू? मला ताळेबंद वाचता येत नाही, नवऱ्याला येतो असं तो म्हणतो.

ढोलकीपटू
नवरे सगळे असंच म्हणतात. गणिती, दोघांनाही कळेल असं लिहा.

गणिती
:) लिहितो.

खाजगी ना-नफा कॉलेजला दरवर्षी करखात्याकडे नऊशेनव्वद क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तीन वर्षांचे उघडा. उत्पन्न वजा खर्च ओळीने उणे आहे का? निव्वळ मालमत्ता दरवर्षी कमी होतेय का? एखादं वर्ष वाईट जातं, तीन ओळीने गेली तर ती सवय.

मग शिक्षण खात्याने काढलेला आर्थिक जबाबदारीचा गुणांक. उणे १ ते ३ अशी पट्टी, दीड किंवा वर असेल तर ठीक. खात्याची 'वाढीव रोख देखरेख' अशीही एक यादी आहे, म्हणजे ज्यांच्या पैशावर खातं जास्त लक्ष ठेवतं अशा कॉलेजांची, कॉलेज तिच्यात आहे का ते बघा. आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या पानावर जा, तुमच्या भागात ती मिडल स्टेट्स. तिथे कॉलेजच्या नावापुढे ताकीद किंवा त्याहून गंभीर शेरा असेल तर तो उघड लिहिलेला असतो.

शेवटी सवलत. ६० मधले ३२ कमी, म्हणजे ५३ टक्के. ही तुमच्या मुलाची खास किंमत नाही. खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सवलत ५६ टक्क्यांच्या आसपास पोचली आहे. तुम्हाला सरासरीहून थोडं कमीच देऊ केलंय. मागायला जागा आहे.

नाना_ओहायो
गणिती, तुम्ही आमच्याकडे जेवायला या. एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

अथर्व_डी३
मी इथे फारसं लिहीत नाही, आई वाचते म्हणून माहीत. मी न्यू इंग्लंडमधल्या एका छोट्या कॉलेजात चार वर्षं डिफेन्स खेळलो, आता नोकरी करतो. मराठी लिहिताना चुका होतील.

पालक लोक पैशाबद्दल बोलताय ते बरोबर आहे. पण सईकाकू, मुलाला एक रात्र त्या संघाबरोबर राहायला पाठवा. कोच नसताना मुलं कशी बोलतात ते त्याला कळेल. मी एका ठिकाणी राहिलो तर तिथली मुलं कोचची नक्कल करून हसत होती आणि निम्म्यांना वर्ग कुठे आहे माहीत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा मला रात्री अकराला लायब्ररीत घेऊन गेला, कारण त्याचा केमिस्ट्रीचा पेपर होता. मी तिथे गेलो.

आणि पहिल्या वर्षी मी एकूण फार थोडा खेळलो. नानाकाका म्हणतात तसा कडेला उभा राहिलो. तरी मी वाया गेलो असं मला वाटत नाही. बसमध्ये रात्री दोन वाजता परत येताना जे मित्र झाले ते आजही आहेत. आईने दिलेले दाण्याचे लाडू पूर्ण संघ खायचा, आमचा गोली त्यांना 'प्रोटीन बॉल' म्हणायचा आणि सामन्याआधी मागायचा.

रश्मी_व्हरमाँट
अथर्व, मराठी छान आहे तुझं. लाडवांची रेसिपी आईला टाकायला सांग.

अथर्वची_आई
दाणे खमंग भाजून, गूळ, थोडं तूप, वेलची. चाळीस मुलांना पुरतील एवढे करायचे तर दाणे कॉस्टकोतून आणायचे. रेसिपीसाठी वेगळा धागा काढते, इथे सईचं काम होऊ दे.

मृण्मयी_के
एक मुद्दा राहिला, पुरुष-महिला संघांचा. १९७२ च्या टायटल नाइन या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यामुळे मुलींना खेळाची संधी त्यांच्या पटसंख्येच्या प्रमाणात आहे की नाही हे कॉलेजला दाखवावं लागू शकतं. बऱ्याच छोट्या कॉलेजांत मुली निम्म्याहून जास्त. मुलांच्या संघात ४८ घेतले की मुलींचा आकडाही वाढवावा लागतो, आणि मुलींच्या लॅक्रॉसला तेवढ्या खेळाडू मिळत नाहीत. रश्मीताईंच्या मुलीचा १५ जणींचा संघ आणि सईताईंच्या कॉलेजचे १८ मिडफिल्डर, ही दोन्ही चित्रं पुष्कळदा एकाच कॉलेजात दिसतात. मुलींचं रोस्टरही उघडून बघा. तिथली कोच टिकत नसेल तर क्रीडा विभागाचा कारभार कळतो.

बाल्टिमोरवाला
उत्तम मुद्दा. आणि एक नवी भर. जून २०२५ च्या एनसीएएच्या न्यायालयीन तडजोडीनंतर जी डिव्हिजन वन कॉलेजं त्यात सामील झाली, त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि रोस्टरची मर्यादा आली: पुरुष लॅक्रॉसला ४८, महिलांना ३८. त्याहून मोठ्या संघांतली मुलं खाली येणार. डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या संघांत पुढची काही वर्षं गर्दी असेल. कोचने आज जे सांगितलं ते दीड वर्षाने त्याला पाळता येईलच असं नाही. थ्रीत कुठलाही बांधील करार नसतो, ना त्याच्यावर ना तुमच्यावर.

सई_न्यूजर्सी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाने स्वतः कोचना फोन केला, मी शेजारी होते. मृण्मयीचे दोन्ही प्रश्न त्याने विचारले. कोच तिसऱ्या वर्षात आहेत, पूर्णवेळ सहाय्यक एक, तो गेल्या ऑगस्टमध्ये आला. एकोणिसातले बारा कुठे गेले हेही विचारलं. कोच थोडे थांबले आणि म्हणाले की सहा जण जुने कोच गेल्यावर सोडून गेले, तिघांना अभ्यास झेपला नाही, बाकीच्यांचं माहीत नाही. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. मिडफिल्डला पहिल्या वर्षी फार खेळायला मिळणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नवऱ्याने तीन वर्षांचे फॉर्म काढले. (ढोलकीपटू, त्याला खरंच वाचता येतात.) दोन वर्षं तूट, तिसऱ्या वर्षी किंचित शिल्लक, पण ती जमीन विकून आलेली. गुणांक दीडच्या जरा वर. मान्यतेवर शेरा नाही. आता कोच म्हणतात की नोव्हेंबरमध्ये 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करा, जागा पक्की होईल. करावा का?

नाना_ओहायो
कोच खरा माणूस निघाला, मला आनंद झाला. पण जमीन विकून घर चालवणाऱ्याकडे चार वर्षांसाठी मूल ठेवताना मी दहादा विचार करेन.

गणिती
अर्ली डिसिजन बांधील असतं. एकदा 'हो' म्हटलं की दुसऱ्या कॉलेजांशी तुलना संपली, आणि सवलत वाढवून मागायची ताकदही संपली. ज्या कॉलेजला मुलं हवी आहेत तिथे घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

त्याऐवजी अकरावीचे गुण हातात आले की कोचना प्रवेश विभागाकडून प्री-रीड, म्हणजे अर्जाआधीच गुण बघून प्रवेशाचा अंदाज, करून घ्यायला सांगा, आणि सोबत आर्थिक मदतीचाही अंदाज लेखी मागा. बरीच कॉलेजं देतात. शिष्यवृत्ती चारही वर्षं तेवढीच राहील का, आणि खेळ सोडला तरी राहील का, हे त्याच पत्रात विचारा. थ्रीत ती खेळावर अवलंबून असता कामाच नये, पण लेखी असू द्या. फी दरवर्षी वाढते आणि सवलतीचा आकडा तिथेच राहतो, म्हणून चार वर्षांची बेरीज आजच करा. जमीन विकल्याचं सांगितलंत, तर पुढच्या वर्षाचा फॉर्म आला की तोही बघा. तोवर 'रेग्युलर डिसिजन'ने, म्हणजे बांधील नसलेल्या नेहमीच्या पद्धतीने, अर्ज, शेजारी आणखी दोन-तीन कॉलेजं.

बाल्टिमोरवाला
अनुमोदन. त्या दोन-तीनात एक सरकारी ठेवा. मुलाचा खेळाचा व्हिडिओ मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथल्या क्लबचे कोच ओळखीचे आहेत, त्याला कुठल्या दर्जाचा संघ झेपेल ते ते खरं सांगतील.

सई_न्यूजर्सी
दादा, पाठवते. अर्ली डिसिजन नाही, हे घरी ठरलं. पुढच्या महिन्यात मुलगा एक रात्र संघाबरोबर राहणार आहे. मुलींचं रोस्टरही बघितलं, १६ जणी आहेत आणि कोच नवीन. प्री-रीडचं उत्तर आलं की आकडे इथे टाकते.

अथर्वची_आई
रात्री राहायला पाठवताना डबा दे ग सोबत. लाडवांचा धागा काढलाय.